नृत्याची आणि कपड्यांची आवड असलेल्यांसाठी : नृत्य-वेशभूषेच्या व्यवसायात पाऊल कसे टाकावे

शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा गणेशोत्सवातल्या कार्यक्रमात ज्या मुलामुलींना स्वतः नाचायचे असते आणि आपला व बरोबरीच्यांचा पोशाख कसा दिसतो याचीही तितकीच काळजी असते, त्यांना दहावी-बारावीच्या सुमारास घरातून एक प्रश्न हमखास विचारला जातो : या दोन्हींपैकी नक्की काय करायचे आहे? विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नृत्यांगना हा एक रस्ता असतो आणि फॅशन डिझायनर हा दुसरा. या दोन्ही आवडी एकाच वेळी मागणारा, आणि एक जरी कमी असली तरी अडून बसणारा, असा एक व्यवसाय आहे, तो म्हणजे नृत्यासाठीची वेशभूषा. या क्षेत्रात ज्यांना शून्यापासून सुरुवात करायची आहे, अशा विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी हा लेख आहे.

आवडीची पारख

सर्वप्रथम लहानपणची आवड नेमकी कशाची होती, हे शांतपणे तपासावे. रंगमंचावर उभे राहून लोकांनी आपल्याकडे पाहावे याचा आनंद मोठा होता, की विंगेत उभे राहून दुसऱ्याच्या निऱ्या नीट करण्यात, पदर खांद्यावर पक्का बसवण्यात आणि तो नाच संपेपर्यंत जागचा हलला नाही हे पाहण्यात अधिक समाधान होते? पहिले उत्तर असेल तर नृत्यालाच मुख्य मानावे आणि वेशभूषेचे ज्ञान जोडीला ठेवावे. दुसरे असेल तर पुढील सर्व पायऱ्या आपल्यासाठीच आहेत. नुसती सुंदर कपडे घालण्याची हौस असेल तर मात्र या कामात निराशा होण्याचा संभव अधिक, कारण इथे आपण केलेले कपडे नेहमी दुसरेच कोणी घालणार असते.

तयार कपड्यांच्या उद्योगापासूनही हे क्षेत्र बरेच दूर आहे. त्या उद्योगात एक नमुना ठरतो, त्याचे लहान-मोठे आकार काढले जातात आणि हजारो नग शिवले जातात; सोलापूरचा गणवेशाचा धंदा त्याच पद्धतीने चालतो. नृत्याचा पोशाख एका शरीरासाठी, एका रचनेसाठी आणि बहुधा एका रंगमंचासाठी केला जातो. ज्यांना संख्येचे आणि बाजारपेठेचे आकर्षण आहे त्यांनी पहिल्या उद्योगाकडे जावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

मुलग्यांच्या पालकांसाठी इथेच एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. मुलाला नाचाची किंवा कपड्यांची आवड असली की अनेक घरांत अस्वस्थता पसरते. वास्तविक महाराष्ट्रात कपडे बेतण्या-शिवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांनीही केले आहे, आणि संत नामदेवांची ओळख शिंपी म्हणूनच आहे. बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, रंगमंचावर जी लुगडी आणि जे दागिने ज्या रीतीने वापरत, त्यांचे अनुकरण त्या काळच्या घरंदाज स्त्रिया करत असत. अशी परंपरा असलेल्या प्रदेशात मुलाच्या या आवडीची कोणी थट्टा करत असेल, तर पालकांनी मुलाच्या बाजूने उभे राहावे.

नृत्य सोडू नये

वेशभूषेकडे वळायचे ठरले की नृत्याचा वर्ग बंद करण्याचा सल्ला दिला जातो. तो मानू नये. पोशाख कुठे ओढतो, कुठे घसरतो, कुठे श्वास अडतो हे आरशासमोर उभे राहून कळत नाही. ते दीड तास घाम गाळल्यावर कळते. नृत्य केलेल्या व्यक्तीला हे ज्ञान अंगभूत असते, आणि केवळ आरेखन शिकलेल्या व्यक्तीला ते मिळवायला अनेक वर्षे लागतात. आपले खरे भांडवल हेच आहे.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद आणि पुढे अलंकारपर्यंत जातात, आणि कथक व भरतनाट्यमच्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्रात त्या सहज देता येतात. विशारदपर्यंत पोहोचता आले तर उत्तम; निदान त्याआधीच्या मध्यमापर्यंत तरी जावे, कारण तोवर शरीराला शैलीचे वळण लागलेले असते. दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय कलांसाठी आणि चित्रकलेसाठी राज्य मंडळाकडून वाढीव गुण मिळण्याची तरतूद आहे. त्यामुळे नृत्याबरोबर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षाही द्याव्यात. पुढे आराखडे काढताना तो हात उपयोगी पडतो.

स्वतःची शैली सांभाळून इतर शैलींचेही निरीक्षण करावे. भरतनाट्यममध्ये अरमंडीत, म्हणजे अर्ध्या बैठकीत, गुडघे बाहेरच्या बाजूला उघडतात, म्हणून पुढच्या चुण्यांचा पंखा त्या वेळी पूर्ण उलगडावा आणि नर्तकी उभी राहताच पुन्हा मिटावा लागतो. कथकमध्ये शरीर सरळ राहते, पण चक्करांत घेराची परीक्षा होते. लावणीत नऊवारीचा काष्टा पायांना मोकळीक देतो आणि त्याच वेळी कंबरेची प्रत्येक हालचाल स्पष्ट दाखवतो. रोजच्या सरावानंतर आपल्या पोशाखाने कुठे त्रास दिला हे एका वहीत लिहून ठेवण्याची सवय लावावी. ही वही पुढे कोणत्याही पाठ्यपुस्तकाइतकीच उपयोगी ठरेल.

शिवण आधी, रेखाटन नंतर

या क्षेत्रात येणारे बहुतेक जण उंच मानेच्या आकृत्यांवर सुंदर पोशाख रेखाटण्यापासून सुरुवात करतात. माझा आग्रह उलट आहे. ज्याला स्वतःच्या हाताने ब्लाऊज बेतून शिवता येतो, त्याच्या रेखाटनाला कारागीर मान देतात. ज्याला येत नाही, त्याला कारागीर सांगेल ते ऐकावे लागते. गावातल्या किंवा पेठेतल्या शिवणवर्गापासून सुरुवात करावी. अधिक शिस्तीचे शिक्षण हवे असेल तर शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये ड्रेस मेकिंगचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो, आणि नृत्याचा वर्ग सांभाळून तो पूर्ण करता येतो.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी सहा कळ्यांचा परकर, मग चुडीदार, मग ब्लाऊज आणि त्यानंतर अंगरखा व पूर्ण घेर. प्रत्येक नवा प्रकार प्रथम मांजरपाटात, म्हणजे स्वस्त, साध्या सुती कापडात, शिवावा, तो नाचणाऱ्या व्यक्तीला घालून काही हालचाली करायला लावाव्यात, खडूने खुणा कराव्यात आणि मगच चांगल्या कापडाला कात्री लावावी. मांजरपाटाचा खर्च वाचवणाऱ्यांचा रेशमाचा खर्च वाढतो.

ब्लाऊजच्या मुंढ्याविषयी, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या कापाविषयी, थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण नवख्या माणसाची समजूत इथे हमखास उलटी असते. हात मोकळा हलावा म्हणून मुंढा खोल आणि सैल ठेवावा, असे सहज वाटते. प्रत्यक्षात मुंढा जितका खाली जातो, तितका हात वर करताच सगळा ब्लाऊज अंगावरून वर ओढला जातो आणि पोट उघडे पडते. मुंढा काखेच्या जवळ, वर ठेवावा आणि बाहीखाली चौबगला, म्हणजे कापडाचा चौकोनी जोडतुकडा, लावावा. मग हात डोक्यावर नेला तरी ब्लाऊज कंबरेशी स्थिर राहतो. हेच तत्त्व चुडीदारच्या आसनाला, म्हणजे दोन्ही पाय जिथे जोडले जातात त्या भागाला, लागू पडते : आसन खाली लोंबत असेल तर पाय उघडत नाही, आणि वर नेऊन तिथे चौबगला दिला तर पूर्ण बैठकीतही शिवण उसवत नाही.

कथकच्या घेराचे गणित एकदा हाताने करून पाहावे. कंबर २८ इंच असेल तर पूर्ण वर्तुळाच्या घेरासाठी आतल्या वर्तुळाची त्रिज्या २८ भागिले ६.२८, म्हणजे साधारण साडेचार इंच येते. घेराची लांबी ३८ इंच धरली तर बाहेरची त्रिज्या साडेबेचाळीस इंच होते आणि खालची कड सुमारे २६७ इंच, म्हणजे जवळजवळ पावणेसात मीटर भरते. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून दोन अर्धवर्तुळे कापायची झाली तर सुमारे साडेचार मीटर कापड लागते, आणि गोट व दुमड करायला जेवढी कड लागते ती वेगळी मोजावी लागते. वर्तुळाकार कापलेल्या कापडाचा काही भाग तिरक्या धाग्यावर येतो आणि तो टांगल्यावर खाली उतरतो. म्हणून घेर कंबरपट्टीला जोडून किमान एक दिवस टांगून ठेवावा, मग खालची कड जमिनीपासून पुन्हा मोजून सारखी करावी आणि त्यानंतरच दुमडावी. ही एक दिवसाची वाट न पाहिल्यामुळे वाकडे झालेले घेर रंगमंचावर सर्रास दिसतात.

कापड आणि प्रकाश ओळखणे

कापडाची ओळख दुकानात फिरूनच होते. मुंबईत मंगळदास मार्केट कापडासाठी आणि भुलेश्वर जर, लेस, टिकल्यांसाठी पालथे घालावे. पुण्यात रविवार पेठ आणि लक्ष्मी रस्ता. खरेदी करायची नसली तरी कापड बोटांत चुरगाळून पाहावे, एक टोक धरून फिरवून पाहावे, ते किती लवकर खाली बसते याकडे लक्ष द्यावे. हलक्या जॉर्जेटचा घेर चटकन उडतो आणि तसाच चटकन कोसळतो. त्याच्या कडेला गोट किंवा जरीची पट्टी लावली की कडेला वजन येते, घेर ताणून उघडतो आणि नर्तकी समेवर थांबल्यावरही तो क्षणभर फिरत राहून मग विसावतो. भरतनाट्यमच्या पंख्यासाठी याउलट अंगचा कडकपणा असलेले, काठाचे रेशीम लागते, नाही तर चुण्या एकमेकींना चिकटतात. नकली रेशीम स्वस्त मिळते आणि दुरून चमकतेही, पण त्यात घाम कोंडतो. निदान अस्तर तरी सुती लावावे आणि काखेत काढून धुता येणारे पॅड बसवावेत.

महाराष्ट्राच्या विणकामाची प्रत्यक्ष ओळख करून घेण्यासाठी येवला आणि पैठणला एकदा तरी जावे, आणि विदर्भातली करवतकाठी, म्हणजे करवतीच्या दात्यांसारख्या काठाची साडी, कशी ओळखायची हेही शिकावे. खरी पैठणी कापून तिचा पोशाख करण्याची घाई करू नये. जुन्या, विरलेल्या पैठणीचे काठ आणि पदर वेगळे काढून नव्या कापडावर बसवता येतात, आणि त्यात विणकराच्या श्रमाचा मानही राहतो.

यानंतर प्रकाश. दिवसाउजेडी सुंदर दिसणारा हिरवा रंग तांबड्या प्रकाशात काळपट पडतो आणि निळ्या प्रकाशात तांबडा विझतो. शुभ्र पांढरा तीव्र दिव्याखाली इतका भडकतो की चेहरा मागे पडतो, म्हणून रंगमंचासाठी पांढरे कापड चहाच्या पाण्यात हलकेसे रंगवून घेतात. नाजूक भरतकाम पहिल्या काही रांगांपुढे पोहोचत नाही. चार इंची काठ शेवटच्या रांगेपर्यंत दिसतो. म्हणून प्रकाशयोजनाकाराशी कापड घेण्याआधी बोलावे, आणि जमल्यास कापडाचे तुकडे त्या दिव्यांखाली धरून पाहावेत.

परंपरेचा अभ्यास

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुनी वस्त्रे जवळून पाहता येतात. तिथे छायाचित्रांवर समाधान मानण्यापेक्षा वही घेऊन जावे आणि शिवण कुठे आहे, जोड कुठे आहे, काठ कसा वळवला आहे हे उतरवून घ्यावे. आज ज्या पोशाखाला आपण सनातन समजतो तोही कोणीतरी विचारपूर्वक घडवलेला असतो. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ साली चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, कलाक्षेत्राची स्थापना केली आणि भरतनाट्यमच्या रंगमंचीय पोशाखाला आजचे शिवलेले, नेटके रूप येण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

आपल्या मातीतले सर्वांत मोठे उदाहरण भानू अथैया यांचे. त्यांचा जन्म १९२९ साली कोल्हापुरात झाला; वडील अण्णासाहेब राजोपाध्ये चित्रकार होते, त्यामुळे रंग आणि रेषा घरातच होत्या. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकून त्या नियतकालिकांसाठी फॅशनची रेखाटने करू लागल्या आणि तिथून चित्रपटांकडे वळल्या. 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळाले, आणि हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. नवशिक्यांनी मात्र त्यांच्या नृत्यासाठीच्या कामाकडे अधिक बारकाईने पाहावे. १९६६ सालच्या 'आम्रपाली'साठी त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांचा अभ्यास केला आणि वैजयंतीमाला यांच्यासारख्या भरतनाट्यमच्या नर्तकीच्या अंगावर शोभेल आणि टिकेल असा पोशाख घडवला. दोन वर्षांनी आलेल्या 'ब्रह्मचारी'त मुमताज यांना वेगवान नाच करता यावा म्हणून त्यांनी साडी आधीच शिवून घेतली आणि तिला चेन लावली. पहिल्या कामात इतिहासाचा अभ्यास आहे, दुसऱ्यात हालचालीचा प्रश्न सोडवणे आहे, आणि वेशभूषाकाराला दोन्हींची गरज पडते.

लोकनृत्यांच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी. धनगरी गजा या धनगरांच्या नृत्यातील धोतर, अंगरखा आणि फेटा किंवा कोळी स्त्रियांचे लुगडे हे कोणाच्या तरी जगण्याचा भाग आहेत. ते त्या समाजातील ज्येष्ठांकडून नेसायला शिकून घ्यावे. शिवलेली नऊवारी आता सर्वत्र मिळते आणि झटपट बदलासाठी ती सोयीची आहेच, परंतु ज्याला हाताने नऊवारी नेसवता येत नाही त्याने शिवलेली नऊवारी करायला घेऊ नये, कारण काष्ट्याचा ताण कुठून कुठे जातो हे नेसवल्याशिवाय उमगत नाही.

शिक्षणसंस्थांची निवड

बारावीनंतर राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या, म्हणजे निफ्टच्या, खारघर येथील केंद्रात चार वर्षांची पदवी घेता येते. प्रवेशपरीक्षेत सर्जनशीलतेची आणि सामान्य क्षमतेची अशा दोन लेखी चाचण्या आणि त्यापुढे हातांनी वस्तू घडवण्याची चाचणी असते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत वस्त्र आणि पोशाखाचा अभ्यास होतो. मुलींसाठी महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या एसएनडीटी महिला विद्यापीठाचा पर्याय आहे. नृत्याचीच पदवी हवी असेल तर पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र किंवा कनक रेळे यांनी उभारलेले मुंबईचे नालंदा नृत्यकला महाविद्यालय पाहावे. पदवीनंतर नाटकाचा अनुभव असलेल्यांना दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात रंगमंचीय आरेखनाकडे वळता येते. घरची परिस्थिती बेताची असेल तर कर्ज काढून महागड्या खासगी संस्थेत जाण्यापेक्षा औद्योगिक प्रशिक्षण संस्था, नृत्याची विशारद आणि एखाद्या जाणत्या वेशभूषाकाराकडे दोन-तीन वर्षांची साहाय्यकी हा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो.

पहिली कामे

महाविद्यालयीन जीवनात युवा महोत्सव आणि पुण्याची फिरोदिया करंडक स्पर्धा यांसारख्या ठिकाणी अनेक कला एकाच मंचावर येतात. तिथे वेशभूषेची जबाबदारी स्वतःहून मागून घ्यावी. जबाबदारी मिळाली की पहिल्याच दिवशी एक तक्ता करावा : प्रवेश, कलाकार, पोशाख, दागिने, पोशाख बदलायला मिळणारा वेळ, आणि बदलताना मदतीला कोण. मिनिटभरात पोशाख बदलायचा असेल तर गाठी आणि हुक टाळून प्रेस बटणे किंवा वेल्क्रो लावावे, दागिने एकाच पट्टीवर शिवून घ्यावेत, आणि घुंगरू बांधलेल्या पायांतून चुडीदार काढता येत नाही हे आधीच लक्षात घेऊन पोशाखांचा क्रम ठरवावा. रंगीत तालीम पूर्ण पोशाखात आणि पूर्ण वेगाने झालीच पाहिजे. दिग्दर्शक टाळत असेल तरी यासाठी नम्रपणे आग्रह धरावा.

विंगेत आपल्याजवळ एक पेटी असावी. तिच्यात दोरा ओवून ठेवलेल्या सुया, लहान-मोठ्या सेफ्टी पिना, नाडी आणि नाडी ओवायची काडी, दुहेरी चिकटपट्टी, कात्री, कोरडा टॉवेल आणि एक जादा ब्लाऊज असला की बहुतेक प्रसंग निभावतात.

कामाचे छायाचित्रण हालचालीत करावे. नर्तकी उभी असतानाचे चित्र सगळेच काढतात. चक्कर घेतानाचा घेर, बैठकीतला पंखा आणि वर नेलेल्या हाताखालचा ब्लाऊज दाखवणारी छोटी चित्रफीत जाणकाराला अधिक पटते. त्यासोबत कापडाचा तुकडा, बेतलेला कागद आणि झालेला खर्च जोडला की काम मागायला जाताना बोलण्याची फारशी गरज उरत नाही.

पैशाची बोलणी

नवखे लोक इथेच नुकसान करून घेतात, कारण आवडीच्या कामाचे पैसे मागायला त्यांना संकोच वाटतो. अंदाजपत्रकात कापड, शिलाई, भरतकाम, दागिने, प्रवास आणि आपले मानधन ही खाती वेगवेगळी दाखवावीत. सगळे एकत्र सांगितले की समोरचा कापडाच्या भावाशी तुलना करतो आणि मानधन नाहीसे होते. कापडाचा पूर्ण खर्च आगाऊ घ्यावा, मापे घेतल्यानंतर किती वेळा बदल करून दिले जातील ते लिहून द्यावे, आणि प्रयोगानंतर पोशाख कोणाकडे राहणार हेही त्याच कागदावर लिहावे.

काम ऋतूप्रमाणे येते. गणेशोत्सव आणि नवरात्रापूर्वीचे आठवडे, मग डिसेंबर-जानेवारीतली स्नेहसंमेलने यांत झोप मिळत नाही, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला हाताला काम नसते. त्या रिकाम्या काळासाठी भाड्याने द्यायचे पोशाख तयार करावेत. ते शिवताना दोन्ही बाजूंच्या शिवणीत दीड-दोन इंच माया, म्हणजे आत दुमडलेले जादा कापड, सोडावी आणि कंबरेला नाडीबरोबर हुकांच्या दोन-तीन ओळी द्याव्यात, म्हणजे एकच पोशाख वेगवेगळ्या अंगयष्टीच्या मुलींना बसतो. परत आलेला प्रत्येक पोशाख त्याच दिवशी उलटा करून वाऱ्यावर वाळवावा, उसवलेले टाके भरावेत, जरीचे भाग मऊ सुती कापडात गुंडाळावेत आणि त्यावर पुढच्या नोंदणीची चिठ्ठी लावून ठेवावी.